दॅनच्या पुढे

बातुमीच्या बंदरामागची शाळा, दुसरा मजला.
तोंडी परीक्षेला आम्हांला जोडीनं बसवलं:
मी, ज्वियाद, क्रेन चालवणारा,
आणि माझ्या आईच्या वयाची एक बाई, त्सिआला.
बाहेर बाकावर तिनं मला अर्धं संत्रं दिलं,
विचारलं, तुलनेचे किती शब्द पाठ आहेत?
मी म्हटलं, मोअर, लेस, फार तर व्हेअरॲज.
तिनं व्हेअरॲज तळहातावर लिहून आणलं होतं.
घामानं त्यातलं नुसतं व्हेअर उरलं होतं.

क्लासच्या मास्तरांनी बजावलं होतं,
फोटोत काय आहे ते सांगू नका,
ते परीक्षकालाही दिसतं.
याच्यात त्याच्याहून काय जास्त आहे ते सांगा.
मग महिनाभर मी केबिनमध्ये तेच घोकलं.
लाल कंटेनर निळ्यापेक्षा जड.
कालचा वारा आजच्याइतका वाईट नव्हता.
तुर्की कप्तान आमच्या फोरमनपेक्षा कमी ओरडतो
आणि जास्त ऐकू येतो.
एका रात्री बायकोला म्हटलं,
तुझं सूप तुझ्या आईच्या सुपापेक्षा...
आणि जीभ आवरली.
काही तुलना व्याकरणात बसतात, घरात बसत नाहीत.

आत दोघं. एक बोलणारी, एक नुसता लिहिणारा.
त्सिआलापुढे दोन फोटो ठेवले.
एकात अंगणातलं लांब टेबल, सोळा-सतरा माणसं, सगळ्यांचे दात दिसतायत.
दुसऱ्यात खिडकीशी एकटा म्हातारा, अंडं सोलतोय.
एक मिनिट.

सुरुवात तिनं छान केली.
इथं गर्दी जास्त, तिथं कमी.
ही माणसं त्या माणसापेक्षा आनंदी असावीत, कदाचित.
कदाचित दोनदा म्हणाली. त्याला गुण असतात.
मग तळहात पाहिला.
मग फोटो बाजूला राहिले आणि ती म्हणाली,
माझं टेबल या टेबलाहून मोठं होतं.
आता मीही अंडं तिथंच सोलते.
टरफलं गोळा करायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.
द सायलेन्स इज बिगर दॅन

थँक यू, परीक्षक म्हणाली.
मिनिट संपलं होतं.

आमच्या भाषेत असं होत नाही.
ज्याच्याशी तोलायचं ते आम्ही आधीच बोलून टाकतो,
आणि त्याला झे लावतो.
झे म्हणजे पेक्षा.
झे म्हणजे वर, हेसुद्धा.
टेबलावर आणि टेबलापेक्षा, दोन्हीला एकच शब्द,
जणू मोठं असणं म्हणजे
कुणाच्या तरी डोक्यावर रचलेलं असणं.
इंग्रजी आधी ओझं हवेत उचलते,
आणि मग विचारते, ठेवायचं कशावर?

माझी पाळी. अर्धं मिनिट.
यांतल्या कुठल्या जागी तुला जेवायला आवडेल?
उत्तर तयार होतं: पहिल्या, कारण ती मोअर इंटरेस्टिंग आहे.
पण तिचं वाक्य खोलीत अजून लटकत होतं,
आणि अठरा वर्षं मी एकच नियम पाळलाय,
लटकतं ओझं सोडून
केबिनमधून उतरायचं नाही.

म्हटलं, दुसऱ्या.
म्हाताऱ्यासमोर एक खुर्ची रिकामी आहे.
दोन अंडी एकापेक्षा बरी.
आणि मॅडम, या बाईंना म्हणायचं होतं,
द सायलेन्स इज मोअर बिगर दॅन द टेबल.

लिहिणाऱ्यानं काहीतरी लिहिलं.
बहुधा मोअर बिगर.

जिना उतरताना त्सिआला म्हणाली,
बिगरच्या आधी मोअर लागत नाही, गाढवा.
मी म्हटलं, माहीत आहे, घाई झाली.
आणि टेबल नव्हतं म्हणायचं मला.
मग कशापेक्षा?

तिनं खिशातून उरलेलं अर्धं संत्रं काढलं,
त्याचीही दोन अर्धी केली,
दोन्हीकडे पाहिलं,
मोठं मला दिलं.

बस आली, म्हणाली.